नातवंडाच्या मापाचे लाइफ जॅकेट

हिवाळ्याची सुट्टी लागली की अनेक घरांतील तीन पिढ्या एकाच गाडीतून हेमलकशाच्या वाटेला लागतात. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प पाहावा, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जंगलात उभे केलेले रुग्णालय, शाळा आणि वन्यप्राण्यांचे अनाथालय नातवंडांना दाखवावे, आणि दुपार कलली की जवळच्या भामरागडला जाऊन इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम पाहावा, असा साधारण बेत असतो. संथ, रुंद पाणी आणि पलीकडचे जंगल पाहून एखादा नातू हट्ट धरतो, ‘आजोबा, नावेत बसू या ना!’

अशा वेळी काठावरचा नावाडी बहुधा एक मोठे, उन्हाने विटलेले नारिंगी जॅकेट पुढे करतो. चार वर्षांच्या मुलाच्या ते गुडघ्यापर्यंत येते. ‘काही होत नाही, पाणी खोल नाही,’ असे कोणीतरी म्हणते. सारे आपल्या तोंडाकडे पाहत असतात. त्या क्षणी आपण काय ठरवावे, ते घरून निघण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे.

नदी शांत दिसली म्हणजे ती निर्धोक असते असे नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातच चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीला निघालेल्या महिलांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहा महिला बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली. त्यात सहा जण गेले. त्यांपैकी दोघे दीड आणि तीन वर्षांचे होते. या दोन्ही प्रवासांत कोणी साहस करायला निघाले नव्हते. नेहमीची वाट होती, नेहमीचे पाणी होते.

मूल आवाज न करता बुडते

बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो, असे आपण चित्रपटांत पाहिलेले असते. लहान मुलाचे तसे होत नाही. शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे व जड असते. पाण्यात पडताच ते पालथे होते आणि मान वर उचलण्याचे बळ त्याच्यात नसते. तोंड पाण्याखाली असल्याने हाक मारणेही शक्य होत नाही. म्हणून मुलाच्या लाइफ जॅकेटने केवळ त्याला तरंगते ठेवून भागत नाही. त्याचे तोंड पाण्याबाहेर राहील आणि ते शक्यतो उताणे होईल, हेही त्या जॅकेटला साधले पाहिजे.

मोठ्यांचे जॅकेट येथेच दगा देते. मूल पाण्यात पडले की ढगळ जॅकेट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली घसरते. जॅकेट कानांपर्यंत चढते, चेहरा झाकते, कधी डोक्यावरून निघूनही जाते. घातल्याचे समाधान मात्र काठावरच्या सर्वांना मिळालेले असते.

वयापेक्षा वजन पाहावे

कपडे आपण वयावरून घेतो. लाइफ जॅकेट वजनावरून घ्यावे लागते, कारण एकाच वयाची दोन मुले वजनाने बरीच वेगळी असू शकतात. समुद्रावरील जहाजांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनी जॅकेटचे तीन गट केले आहेत: १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांसाठी, १५ ते ४३ किलो वजनाच्या मुलांसाठी आणि त्याहून अधिक वजनाच्या प्रौढांसाठी. प्रवासी जहाजांवर एकूण प्रवाशांच्या किमान १० टक्के इतकी जॅकेटे मुलांच्या मापाची असावीत, असाही नियम आहे. नदीवरच्या डोंग्यात मात्र मुलाच्या मापाचे जॅकेट मिळेल असे गृहीत धरू नये. नातवंडासह पाण्यावर जायचे असेल, तर त्याचे जॅकेट घरून न्यावे.

बाजारातील जॅकेटांवर याहून बारीक गटही आढळतात. म्हणून खरेदीपूर्वी मुलाचे ताजे वजन करावे. अंगणवाडीतील नोंद पाहावी, किंवा आपण स्वतः मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून आपले वजन वजा करावे. काखेखालून छातीचा घेरही मोजून ठेवावा. ‘दोन वर्षे पुरेल’ म्हणून मोठे माप घेण्याची आपल्या पिढीची काटकसर शाळेच्या गणवेशाला शोभते. येथे ती जिवावर बेतू शकते.

जॅकेटमध्ये काय असावे

आतील लेबल वाचल्याशिवाय जॅकेट घेऊ नये. त्यावर वजनाचा गट आणि तरंगण्याची पातळी दिलेली असते. ही पातळी ५०, १००, १५० अशा आकड्यांत न्यूटन या एककाने लिहितात. ५० चे साधन ज्यांना चांगले पोहता येते आणि ज्यांच्याजवळ मदत आहे अशांसाठी असते. लहान मुलासाठी १०० किंवा त्याहून वरच्या पातळीचे घ्यावे.

त्यानंतर चार गोष्टी हाताने चाचपून पाहाव्यात. पहिली, मानेमागची फोमची उशी. ती डोक्याला आधार देते. दुसरी, दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा. जॅकेट वर सरकू न देण्याचे काम तोच करतो, म्हणून लहान मुलाच्या जॅकेटला तो हवाच. तिसरी, मानेमागची मजबूत मूठ. मूल पाण्यात पडल्यास तिला धरून त्याला वर ओढता येते. चौथी, भडक नारिंगी, पिवळा किंवा लाल रंग. नदीच्या पाण्यात निळे वा हिरवे जॅकेट चटकन दिसत नाही. शिट्टी असल्यास उत्तम. ती वाजवायला मुलाला आधीच शिकवावे.

हवा भरून फुगणारी जॅकेटे लहान मुलांसाठी घेऊ नयेत, फोमचीच घ्यावीत. दंडात घालायचे फुगे, कमरेचे रबरी चाक किंवा ट्यूब ही खेळणी होत. ती निसटतात, फुटतात आणि मुलाला उताणे करत नाहीत.

काठावरची परीक्षा

जॅकेट घालून सर्व बक्कले लावावीत, पट्टे ओढून घ्यावेत आणि मुलाला दोन्ही हात वर करायला सांगावे. मग खांद्यांवर जॅकेट धरून हलकेच वर उचलावे. ते हनुवटीपर्यंत वा कानांपर्यंत आले, तर माप मोठे आहे किंवा पट्टे सैल आहेत. पट्टे आवळूनही तसेच होत असेल, तर ते जॅकेट त्या मुलाचे नव्हे. उलट, मुलाला श्वास घेताना आवळल्यासारखे वाटत असेल, तर माप लहान झाले आहे.

शक्य असल्यास सहलीच्या आधी एकदा उथळ पाण्यात, मोठ्या माणसाच्या हाताशी, मुलाला जॅकेटसह तरंगू द्यावे. माप त्यामुळे कळतेच, शिवाय मुलाची भीतीही जाते. नव्या वस्तूला घाबरून रडणारे मूल ती काढून टाकण्यासाठी धडपडत राहते.

हेमलकशाकडील हिवाळी सकाळ बोचरी असते. तेव्हा जॅकेट स्वेटरच्या वरून घालावे आणि पट्टे पुन्हा तपासावेत. जॅकेटवरून शाल किंवा घोंगडी गुंडाळू नये. ओली झाली की ती जड होते आणि मुलाला जखडते.

तान्हे मूल आणि आपण स्वतः

तान्ह्या मुलाला ओढणीने किंवा लुगड्याने पोटाशी बांधून नावेत बसणे अनेकींना सुरक्षित वाटते. पण नाव उलटली, तर बांधलेले बाळ मोठ्या माणसाच्या अंगाखाली दाबले जाऊ शकते. मुलाला नावेला बांधणे तर त्याहून धोक्याचे. प्रत्येक जिवाला स्वतंत्र जॅकेट हवे. ज्या बाळाला सर्वांत लहान मापही बसत नाही, त्याला हौसेच्या नौकाविहाराला नेऊच नये. पावसाळ्यात भामरागड परिसरातील माणसांना दवाखान्यासाठी नदी ओलांडावीच लागते. ती त्यांची निकड असते. आपली सहल ही निकड नाही.

आजी-आजोबांनी स्वतःचे जॅकेट आधी घालावे. पाण्यात स्वतः धडपडणारा माणूस नातवाला वाचवू शकत नाही. संधिवाताने बोटे आखडत असतील, तर बक्कल आपल्याला लावता व सोडवता येते का, हे दुकानातच पाहावे. जॅकेट घातले तरी मूल हाताच्या अंतरावरच असावे. त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे. ‘सगळे आहेत’ असे म्हटले की कोणाचेच लक्ष नसते.

परत आल्यावर जॅकेट साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. बसायला उशी म्हणून वापरू नये, कारण दाबाने फोमची ताकद कमी होते. फाटलेली शिवण, कडक झालेला फोम किंवा तुटलेले बक्कल दिसले, तर ते जॅकेट बाद करावे. दर हंगामापूर्वी मुलाचे वजन पुन्हा करावे.

तरीही मूल पाण्यात पडलेच

दोरी, काठी किंवा तरंगणारी वस्तू पुढे करावी. पोहता येत नसेल तर उडी घेऊ नये. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल, तर मान किंचित मागे करून आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर दाब द्यावा, आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. मूल शुद्धीवर येऊन खेळू लागले तरी डॉक्टरांना दाखवावेच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

आता संगमाच्या काठावर परत येऊ. नातवाच्या मापाचे जॅकेट हाताशी आहे, परीक्षेत ते उतरले आहे, नावेत गर्दी नाही आणि वारा पडलेला आहे, तर खुशाल बसावे. यातील एकही गोष्ट कमी असेल, तर ‘आज नाही’ असे म्हणावे. तरुण मंडळी कुरकुरतील, नातू रुसेल. काठावर बसून त्याला तीन नद्यांची नावे शिकवावीत. त्याचा रुसवा संध्याकाळपर्यंत जातो. घरात ज्यांच्या नकाराला अजून मान आहे, अशी माणसे बहुधा आपणच असतो. तो मान अशाच वेळी वापरावा.