वऱ्हाडातील पोथ्या आणि त्यांचे अभ्यासक

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो ज्या रीतीने सिद्ध झाला ती ध्यानात घेतली म्हणजे त्याच्या कर्त्या म्हाइंभटाला आद्य चरित्रकाराइतकेच आद्य संशोधकही म्हणणे प्राप्त होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांच्या सहवासातील माणसे गावोगाव गाठावी, ज्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याच्या तोंडून टिपून घ्यावे, आणि मग मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपुरी पंथप्रमुख नागदेवाचार्यांपुढे ठेवून त्याची शहानिशा करावी, असा हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला उद्योग होता. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा शिष्यांनी स्मरणातून तिची पुनर्रचना केली, आणि जेथे एकाचे स्मरण दुसऱ्याशी जुळेना तेथे कोणाचेही पुसून न टाकता ज्याची त्याची ‘वासना’ नावानिशी नोंदवून ठेवली. पाठभेदांविषयीचा हा प्रामाणिकपणा कोणत्याही काळाच्या पंडितांनी शिरोधार्य मानावा असाच आहे.

असे हे वाङ्मय शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांच्या आड मठांतून राहिले. पंथाबरोबर ते पंजाबात आणि पेशावरापर्यंतही गेले आणि तेथे जयकृष्णी म्हणवल्या जाणाऱ्या महानुभाव उपासकांनी मराठी पोथ्या भक्तिभावाने जतन केल्या. पण खुद्द महाराष्ट्रातील सुशिक्षितांना त्यांचा पत्ता नव्हता. वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी ही कुलुपे उघडण्यास हात घातला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि माझ्या मते या विद्येला खरा आधार मिळाला तो विदर्भात, कारण लिपीची किल्ली एकदा सापडली तरी पोथी हाती येण्यास महंतांचा विश्वास लागतो, आणि तो त्याच मुलखात राहून, वर्षानुवर्षे जाऊनयेऊन संपादन करावा लागतो.

यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी वकिलीचा पेशा सांभाळून हेच केले. त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या शारदाश्रम या संस्थेने जिल्ह्याच्या गावी हस्तलिखितांचे दप्तर उभे केले. आणि महदंबा ही आद्य मराठी कवयित्री म्हणून प्रतिष्ठित होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ भागशः छापून तेराव्या शतकातील देवळे, बाजार, जेवणखाण, रुसवेफुगवे आणि बायाबापड्यांचे बोलणे सर्वसामान्य वाचकापुढे ठेवले.

या परंपरेचा कळस म्हणजे डॉ. विष्णु भिकाजी कोलते. मलकापूर तालुक्यातील नरवेल गावी १९०८ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९६७च्या भोपाळ साहित्य संमेलनाचा अध्यक्षही. परंतु या मानसन्मानांपेक्षा पोथीमागून पोथी ताडून पाहण्याची त्यांची चिकाटी मला अधिक वंदनीय वाटते. ‘स्थानपोथी’सारख्या ग्रंथात स्वामींच्या वास्तव्याची गावे आणि देवळे दिशानिशी वर्णिलेली आहेत, अशा ग्रंथाचे संपादन म्हणजे एका प्रदेशाचा सातशे वर्षांपूर्वीचा नकाशाच पुन्हा मांडणे होय. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील काही लीळांवर पंथीयांनी तीव्र हरकत घेतली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपून या पोथ्या राखल्या त्यांची ही व्यथा उथळ मानता येत नाही. तसेच हस्तलिखितात जे आहे ते संपादकाने गाळावे, हेही मान्य करता येत नाही. या दोन निष्ठांपैकी कोणतीही खोटी नव्हती, म्हणूनच तो वाद इतका क्लेशदायक झाला. परदेशी अभ्यासकांपैकी लंडनचे इयन रेसाइड यांनी १९६० साली महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेतील अ‍ॅन फेल्डहाउस यांनी चक्रधरांच्या वचनांचा संग्रह जो सूत्रपाठ, त्याचा व चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद केला. त्यांचे काम पाहताना, त्यापूर्वी यवतमाळ-नागपुरात झालेल्या या खटाटोपावाचून ते कितपत शक्य झाले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.