दुर्बीण कधी घालायची, कशासाठी घालायची

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि दिवस राहत नसले, की घरात सल्ला सुरू होतो : दुर्बीण घालून या. कर्नाटकातल्या औरादकडची जोडपी मग कुणी बिदर, कुणी उदगीर-लातूर, तर कुणी थेट हैदराबाद गाठतात. दुर्बीण उत्तम साधन आहे, पण तिची पाळी सोप्या तपासण्यांनंतर येते. आणि ती घातलीच, तर पाहणं, नमुना घेणं, दुरुस्ती करणं हे शक्यतो एकाच भुलेत उरकलं पाहिजे.

वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणीला जावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावं.

पहिली तपासणी नवऱ्याची. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. ना टाका, ना भूल. तरीही सगळ्यांत जास्त टाळली जाते ती हीच. बायकोच्या पोटात दुर्बीण जाऊन येते आणि नवऱ्याचा रिपोर्ट अजून फाइलीत नसतो, हे मला अन्यायाचं वाटतं. तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय आपण बाईच्या ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

सोबत बाईची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या होतात. सोनोग्राफीत गर्भपिशवी आणि अंडाशय, म्हणजे बीजं तयार होणाऱ्या दोन ग्रंथी, दिसतात. नळ्या मात्र सहसा दिसत नाहीत. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे नळ्या उघड्या, असं धरून चालू नये.

याच टप्प्यावर ‘पिशवी धुऊन घ्या’, म्हणजे आतून खरवडून घ्या, असं सुचवलं जातं. कारण सांगितल्याशिवाय ते करू नये. पिशवी वारंवार खरवडली, तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि नसलेली अडचण उभी राहते.

पुढची पायरी एचएसजी, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला नळ्यांचा एक्स-रे. पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, पाळी आल्यापासून साधारण दहाव्या दिवसाच्या आत तो करतात. त्या पाळीत तोपर्यंत संबंध ठेवू नयेत. पाळीसारखी कळ येते. वेदनेची गोळी आधी घ्यायची का, ते विचारावं. आयोडीनची अॅलर्जी असल्यास आधीच सांगावं. इथे हमखास होणारा घोळ असा : कळ आली की नळीचं पिशवीजवळचं तोंड आवळतं, औषध पुढे जात नाही आणि रिपोर्टात ‘नळी बंद’ येतं. नळी प्रत्यक्षात उघडी असू शकते. म्हणून असा रिपोर्ट आला की लगेच धीर सोडू नये.

आता दुर्बीण. ती दोन प्रकारची असते.

हिस्टेरोस्कोपी म्हणजे योनीमार्गाने पिशवीच्या आत पाहणं. पेनातल्या रिफिलीएवढी जाड दुर्बीण, पिशवी फुगवायला सलाइनचं पाणी, आणि पोटावर एकही छेद नाही. आतला मांसल कोंब, भिंतींची चिकट, जन्मजात पडदा किंवा आत डोकावणारी गाठ दिसली, तर ती बारीक हत्याराने तिथेच काढता येते.

लॅप्रोस्कोपी म्हणजे पोटातून पाहणं. यासाठी पूर्ण भूल लागते. पूर्वी सिझेरियन, अपेंडिक्स असं काही ऑपरेशन झालं असेल तर ते न विसरता सांगावं, कारण आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असू शकतात. बेंबीपाशी लहान छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे अवयव सुटे होऊन नीट दिसतात. हत्यारांसाठी खाली अर्ध्या सेंटीमीटरचे एक-दोन छेद घेतात. मग खालून पिशवीत निळा रंग सोडतात. नळी उघडी असेल, तर तिच्या झालरीसारख्या टोकातून निळे थेंब पोटात गळताना पडद्यावर स्पष्ट दिसतात. त्यानंतर एखादा दिवस लघवी हिरवट-निळसर झाली तर घाबरू नये.

जे दिसेल त्यावर पुढचं ठरतं. पिशवीचं अस्तर भलतीकडे वाढून जखडलेले अवयव सोडवता येतात. अंडाशयातली चॉकलेट गाठ, म्हणजे साठलेल्या जुन्या रक्ताची गाठ, काढता येते, पण तिच्यासोबत चांगली बीजंही जाऊ शकतात. म्हणून बीजांचा साठा सांगणारी एएमएच ही रक्ततपासणी आधी झालेली असावी. नळीचं पिशवीजवळचं टोक बंद असेल, तर बारीक तार घालून ते उघडण्याचा प्रयत्न होतो. नळीत पाणी साठून ती फुगली असेल, तर टेस्टट्यूब उपचाराआधी, म्हणजे बीज शरीराबाहेर फळवून गर्भ पिशवीत सोडण्याआधी, ती काढणं किंवा बांधणं हिताचं असतं. ते पाणी पिशवीत झिरपून गर्भ रुजू देत नाही.

आपल्याकडे नळ्या खराब होण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. खोकला नसतानाही तो पिशवीत आणि नळ्यांत असू शकतो. दुर्बीण घातलीच आहे, तर अस्तराचा नमुना क्षयासाठी पाठवणार का, हे आधीच विचारावं. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती पूर्ण घ्यावीतच, पण खराब झालेली नळी औषधाने बहुधा सुधारत नाही, हेही माहीत असावं.

कर्नाटकातल्या दवाखान्यांत संमतिपत्र बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. अंगठा किंवा सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागावं. त्यात नुसतं ‘पाहणं’ लिहिलंय की ‘दुरुस्ती’ही? नळी काढायची वेळ आली तर बाहेर बसलेल्यांना विचारणार का? आणि पिशवी काढण्याचा उल्लेख कुठे आहे का, हे नीट पाहावं. कलबुर्गी जिल्ह्यात तांड्यांवरच्या तरुण बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्या गेल्याची प्रकरणं गाजली आहेत. काढलेली पिशवी परत मिळत नाही. पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने गर्भपिशवीचं रोपण केलं. आईची पिशवी दुर्बिणीने काढून लेकीला बसवण्याची ती कामगिरी मोठीच, पण अशी शस्त्रक्रिया सर्वांच्या आवाक्यातली नाही.

लॅप्रोस्कोपीनंतर बहुतेकींना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. दोन-तीन दिवस खांदा दुखतो. तो उरलेल्या वायूमुळे, वातामुळे नाही. मात्र ताप, वाढत जाणारी पोटदुखी, उलट्या, पोट फुगणं किंवा जास्त रक्तस्राव यांतलं काहीही झालं, तर त्याच दिवशी परत जावं. सकाळच्या बसची वाट पाहू नये.

निघताना ऑपरेशनचा लेखी तपशील, फोटो किंवा चित्रफीत मागून घ्यावी. हा कागद नसला, की गाव बदलल्यावर नवा डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालायला सांगतो, असं फार होतं.

नळ्या उघड्या असतील, तर डॉक्टर काही महिने नैसर्गिक प्रयत्न करायला सांगतात. किती महिने, ते वयावर ठरतं, आणि ती मुदत स्पष्ट विचारून घ्यावी. दोन्ही नळ्या निकामी असतील, तर थांबून उपयोग नाही. टेस्टट्यूबचाच विचार करावा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून या पद्धतीचं बाळ जन्माला आलं, त्याला आता चार दशकं होत आली. जगातल्या पहिल्या टेस्टट्यूब बाळासाठी बीज लॅप्रोस्कोपीने काढलं होतं. आता ते सोनोग्राफीत पाहत सुईने काढतात. तेवढ्यासाठी पोटावर छेद लागत नाही. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा केंद्राला नोंदणी बंधनकारक आहे. पैसे भरण्याआधी ते नोंदणीपत्र पाहायला मागावं.