पुढचे टायर एका कडेने घासतायत? टायर बदलण्याआधी ट्रकची अलाइनमेंट तपासा

उसाच्या हंगामात ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर असतो. पुढचे टायर एका कडेने झिजले की बरेच गाडीमालक ‘टायरच खराब निघाला’ म्हणतात आणि नवी जोडी टाकतात. थोड्याच दिवसांत नव्या जोडीचीही तीच गत होते. अशा वेळी दोष बहुतेकदा टायरचा नसतो, चाकांची दिशा चुकलेली असते.

टो म्हणजे काय?

बहुतेक ट्रकचा पुढचा अॅक्सल एकसंध बीमचा असतो. चाकाचा कल आणि किंगपिनचा झुकाव गाडी बनवतानाच ठरलेला असतो. गॅरेजमध्ये नेहमी बदलला जातो तो ‘टो’. दोन्ही टायरमधले पुढचे अंतर मागच्या अंतरापेक्षा कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. हा फरक मोजक्या मिलिमीटरचाच असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा, रेडियल टायरला तो सहसा कमीच लागतो.

थोड्या फरकाने काय बिघडते, असे वाटेल. हिशोब करून बघा. ट्रकचा टायर साधारण १ मीटर उंच असतो. पुढच्या-मागच्या अंतरात ६ मिलिमीटरची चूक असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३ मिलिमीटर येतात. म्हणजे १ किलोमीटर चालल्यावर प्रत्येक टायर जवळपास ३ मीटर आडवा फरफटतो. १०० किलोमीटरच्या फेरीत ३०० मीटर! त्यात रबर जाते आणि डिझेलही जाते.

हाताने ओळखा

टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धार लागत असेल तर टो-इन जास्त आहे. उलटे असेल तर टो-आउट. तार बाहेर आलेली असेल तर हात फिरवू नका, कापेल.

आधी ढिलाई काढा

सगळ्यात महत्त्वाचे हेच. भाग ढिले असताना केलेली अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते आणि पैसे वाया जातात. मागच्या चाकांना ओट लावा, अॅक्सल उचला, खाली मजबूत ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

– टायर वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग ढिले, राहिला तर किंगपिन-बुश झिजलेले.
– टायर दोन्ही बाजूंनी धरून आडवा हलवा आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट बघा.
– स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि शॅकल तपासा.
– दोन्ही टायरची हवा सारखी करा.

मोजायचे कसे?

१. चाक हवेत फिरवत टायरच्या मधोमध खडू लावा. त्यावर खिळा स्थिर धरून गोल बारीक रेघ मारा. दोन्ही टायरला तसेच करा.
२. गाडी खाली घ्या, सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवून थोडी पुढे ढकला. मागे घेऊ नका.
३. हबच्या उंचीवर दोन्ही रेघांमधले अंतर आधी मागून, मग पुढून मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे टो.
४. टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे क्लॅम्प ढिले करून रॉड फिरवा. रॉड अॅक्सलच्या मागे असेल तर त्याची लांबी वाढवल्यावर टो-इन वाढते.
५. क्लॅम्प आवळा, गाडी पुन्हा पुढे ढकला आणि परत मोजा.

टेपवर दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून घरची मोजणी बिघाड ओळखण्यापुरती धरा. शेवटची सेटिंग गेज असलेल्या मिस्त्रीकडून करून घेतलेली बरी.

प्रत्येक दोष टोचा नसतो

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा आणि चिकटलेला ब्रेक बघा. मग पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ते सारखे नसेल तर अॅक्सल सरकला आहे. स्प्रिंगचा सेंटर बोल्ट तुटला असू शकतो. नुसते स्टिअरिंग वाकडे राहत असेल तर काम ड्रॅग लिंकचे आहे, टाय रॉडला हात लावू नका.

वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे टाळा. जुनी स्प्लिट पिन परत वापरू नका. पिन काही रुपयांची असते, पण ती निघाली तर भरलेल्या ट्रकचे स्टिअरिंग हातातून जाते. रस्त्यावर समोरून दुचाकीवाले, बैलगाड्या आणि शाळेची पोरं येत असतात.

किंगपिन, टाय रॉड किंवा स्प्रिंगचे काम केल्यावर आणि मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर टो मोजायलाच हवा. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा तपासून घेतले तर ऐन गर्दीत गाडी उभी राहायची वेळ येत नाही.