ऑनलाइन खरेदीवरील कर आणि स्थानिक दुकानदारी : नांदेड व लातूरच्या संदर्भात

प्रस्तावना :

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या बाजारपेठेत मध्यभागी देवीचे मंदिर, भोवती १९४५ ची दुमजली इमारत आणि प्रत्येक रस्त्याला स्वतःचा असा व्यवसाय आहे. कोठे सराफ, कोठे पादत्राणे, तर कोठे मिरची आणि गूळ. नांदेडमध्ये किरकोळ व्यापाराचे असेच स्थान वजिराबादला आहे. या दोन्ही पेठांत ऑनलाइन खरेदीचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते : "त्या कंपन्या कर भरत नाहीत, म्हणून स्वस्त विकतात." हे विधान २०१७ पूर्वी काही अंशी खरे होते. आज ते खरे नाही. तरीही करव्यवस्थेमुळे लहान दुकानदाराची एक अडचण शिल्लक आहे. ती कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सीमावर्ती तालुक्यांचा पूर्वानुभव :

विक्रीकर हा दीर्घकाळ राज्यांचा कर होता. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना येथे १९५० चा हैदराबाद सर्वसाधारण विक्रीकर कायदा लागू होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ जानेवारी १९६० पासून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ येथे अमलात आला. परिणामी धर्माबाद, बिलोली, देगलूर आणि निजामाबाद, तसेच उदगीर आणि बीदर हे एकाच व्यापारी टापूतील भाग वेगवेगळ्या राज्यांच्या करकायद्यांखाली विभागले गेले. नातीगोती, भाषा व आठवडी बाजार सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच राहिले; कराचे दर मात्र बदलले. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर (व्हॅट) आला, तरी राज्याराज्यांतील दरांचा फरक कायमच होता. कर वस्तू जेथे विकली तेथे द्यावयाचा की जेथे ती वापरली तेथे, हा ई-व्यापाराच्या मुळाशी असलेला प्रश्न या तालुक्यांना संगणक येण्यापूर्वीपासून परिचित होता, असे म्हणावयास हरकत नाही.

केंद्रीय विक्रीकर कायदा, १९५६ ने या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्या राज्याच्या बाजूने दिले होते. आंतरराज्य विक्रीवरील कर माल जेथून निघाला त्या राज्याला मिळे. फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये बेंगळुरूत झाली, तर अॅमेझॉनचे भारतीय संकेतस्थळ जून २०१३ मध्ये सुरू झाले. बेंगळुरूच्या गोदामातून नांदेडच्या ग्राहकाकडे माल आला की त्यावरील कर कर्नाटकाच्या दराने आकारला जाई व कर्नाटकाच्या तिजोरीत जाई. कर चुकवला जात होता असे नव्हे. तो महाराष्ट्राला मिळत नव्हता, एवढेच.

याहून मोठी तफावत स्थानिक करात होती. जकातीची जागा महापालिका क्षेत्रांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कराने (एलबीटी) घेतली. हा कर शहरात माल आणणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने स्वतःच्या हिशेबावरून भरावयाचा होता. वजिराबादच्या दुकानदाराने दूरचित्रवाणी संच आणला तर त्यावर एलबीटी होता. तोच संच कुरिअरने थेट ग्राहकाच्या दारात आला तर कर वसूल करण्यासाठी मध्ये कोणी व्यापारीच नव्हता. २०१३ मध्ये राज्यभरातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून एलबीटीला विरोध केला. चर्चा प्रामुख्याने हिशेब तपासणीच्या जाचाची झाली. पार्सलच्या या वाटेकडे त्या वेळी तितकेसे लक्ष गेले नाही. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून मुक्त करण्यात आले. त्याच सुमारास उत्तराखंड, गुजरात यांसारख्या राज्यांनी ऑनलाइन मागवलेल्या मालावर प्रवेश कर बसविण्याचे मार्ग अवलंबिले होते.

वस्तू व सेवा करानंतरचे चित्र :

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला आणि कराची दिशाच उलटली. आता कर माल जेथे पोहोचतो त्या राज्याचा असतो. समजा, करपूर्व १०,००० रुपये किमतीचा मोबाइल आहे. त्यावर १८ टक्के दराने १,८०० रुपये कर होतो. तो नांदेडच्या दुकानातून घेतल्यास ९०० रुपये केंद्राला व ९०० रुपये महाराष्ट्राला मिळतात. बेंगळुरूहून मागवल्यास १,८०० रुपयांचा एकात्मिक कर (आयजीएसटी) लागतो आणि त्यातूनही महाराष्ट्राच्या वाट्याला ९०० रुपयेच येतात. ग्राहकाने भरावयाच्या करात एका रुपयाचाही फरक पडत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०१८ पासून ऑनलाइन मंचाने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर उगमस्थानी गोळा करून शासनाकडे भरावा, अशी तरतूद अमलात आली. १० जुलै २०२४ पासून हा दर ०.५ टक्के आहे. मंचावर झालेली विक्री त्यामुळे करविभागाच्या नजरेआड राहत नाही. काउंटरवर झालेल्या प्रत्येक विक्रीबाबत असे खात्रीने म्हणता येईलच असे नाही.

राज्याचा वाटा असा सुरक्षित झाला, शहराचा मात्र बाजारपेठेशी असलेला करसंबंध तुटला. महापालिकांना जकात व एलबीटीच्या बदल्यात राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार भरपाई मिळते. ही रक्कम पूर्वीच्या उत्पन्नाच्या आधारे ठरते. शहरात यंदा किती माल विकला गेला, याच्याशी तिचा संबंध नाही. गंजगोलाईतील शटर बंद झाले काय किंवा नवे उघडले काय, लातूर महापालिकेच्या या अनुदानात त्याचे प्रतिबिंब पडत नाही.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. तेथे १९९२ च्या क्विल खटल्यातील निर्णयामुळे, ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही त्या राज्याला त्याच्यावर विक्रीकर वसुलीची सक्ती करता येत नव्हती. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. म्हणजे या बाबतीत भारत अमेरिकेच्या वर्षभर पुढे होता. परंतु अॅमेझॉनने एप्रिल २०१७ पासूनच, निकालाची वाट न पाहता, विक्रीकर असलेल्या सर्व अमेरिकी राज्यांत कर गोळा करण्यास सुरुवात केली होती. करातील सवलत हाच त्या व्यवसायाचा आधार असता तर असे घडते ना.

पुस्तकांचे उदाहरण :

लातूरपुरता विचार केला तर याची कसोटी पुस्तकांच्या दुकानात पाहता येते. 'लातूर पॅटर्न'मुळे प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने या शहरात येतात व पुस्तकांना मागणी राहते. छापील पुस्तकांवर जीएसटीचा दर शून्य आहे, दुकानातही आणि ऑनलाइनही. कर हेच स्वस्ताईचे कारण असते तर पुस्तकविक्रेत्याला ऑनलाइन स्पर्धेची झळ बसावयास नको होती. तरीही विद्यार्थी दुकानात पुस्तक चाळतो, मोबाइलवर किंमत पाहतो आणि सवलतीचा आग्रह धरतो. ही सवलत भांडवलाच्या बळावर व प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनवर अवलंबून असते. उलट केवळ करमुक्त पुस्तके विकणाऱ्याला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. गाळ्याचा मालक नोंदणीकृत असेल तर भाड्यावरील १८ टक्के कर त्याच्या खर्चातच जमा होतो. जागा असणे हाच येथे खर्चाचा विषय ठरतो.

सवलतींचा प्रश्न मुख्यतः स्पर्धा कायद्याच्या व परकीय गुंतवणूक धोरणाच्या कक्षेत येतो. परकीय भांडवल असलेल्या कंपनीने केवळ मंच चालवावा, स्वतःचा साठा विकू नये, असे २०१६ च्या धोरणाने स्पष्ट केले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून हे निर्बंध अधिक कडक झाले. पसंतीच्या विक्रेत्यांना झुकते माप व मोठ्या सवलती या आरोपांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. व्यापारी संघटनांच्या निवेदनांत ही दोन प्रकरणे करचुकवेगिरीच्या आरोपात मिसळली गेली की मूळ मुद्दा दुबळा होतो.

नोंदणीची मर्यादा आणि लहान दुकानदार :

लहान दुकानदाराची खरी अडचण कराच्या दरात नसून नोंदणीच्या नियमांत आहे. वस्तूंच्या विक्रेत्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात त्याला जीएसटी नोंदणी सहसा आवश्यक नसते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यास आपसमेळ (कंपोझिशन) योजनेत उलाढालीच्या १ टक्का कर भरून सुटसुटीत हिशेब ठेवता येतो. काउंटरवर विक्री करणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे. परंतु याच दुकानदाराने ऑनलाइन मंचावर माल ठेवावयाचे ठरवले की मूळ कायद्यानुसार पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती, आणि आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्याला तर मंचावर विक्रीच करता येत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर या दोन्ही गटांना मंचावर विक्रीची मुभा मिळाली, पण केवळ राज्यांतर्गत.

वार्षिक ३० लाख रुपयांची उलाढाल असलेला उदगीरचा एखादा साडीविक्रेता घ्या. नोंदणी न करता तो मंचावरून मुंबईच्या ग्राहकाला साडी पाठवू शकतो. बीदर उदगीरहून मुंबईच्या तुलनेत कितीतरी जवळ आहे, तेथे त्याची पिढीजात गिऱ्हाइके आहेत, पण बीदरला पार्सल पाठवावयाचे तर ती आंतरराज्य विक्री ठरते आणि नोंदणी, नियमित विवरणपत्रे व पूर्ण दराने कर हे सारे लागू होते. काही हस्तकला वस्तूंचा अपवाद सोडल्यास ही भिंत कायम आहे. तेच गिऱ्हाईक स्वतः उदगीरला येऊन साडी घेऊन गेले तर सहसा प्रश्न उद्भवत नाही! देगलूर, धर्माबादच्या व्यापाऱ्यांची तेलंगणाच्या बाबतीत हीच स्थिती आहे. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याचे नैसर्गिक गिऱ्हाईक राज्यातच असते. मराठवाड्याच्या सीमेवरील पेठांचे ते अर्धेअधिक पलीकडे आहे. एकच नियम दोघांना सारखा लागू असूनही त्याचा भार सारखा पडत नाही.

नोंदणी करून टाकावी, असा सल्ला करसल्लागार देतात. तो चुकीचा नाही. नोंदणीमुळे खरेदीवरील कराची वजावट मिळते, मंचाच्या सेवाशुल्कावरील १८ टक्के कर वळता करता येतो, आणि महाविद्यालयांसारख्या संस्थांना हवे असणारे कर-बीजक देता येते. पण विवरणपत्रांचा मासिक वा त्रैमासिक खर्च, उशिराचे शुल्क आणि वहीखात्याची सवय हे सारे एका माणसाच्या दुकानाला आधी पेलावे लागते, आणि ऑनलाइन विक्री होईल की नाही हे नंतर कळते. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत मंचावरून अनेक राज्यांत विक्री करणाऱ्या लहान पुरवठादारांसाठी सुलभ नोंदणीच्या कल्पनेस तत्त्वतः मान्यता दिली. त्यातून प्रत्येक राज्यात व्यवसायाचे ठिकाण दाखविण्याची अडचण दूर होण्याची अपेक्षा आहे. ४० लाखांखालील विक्रेत्याला आंतरराज्य विक्रीसाठी मर्यादेचा लाभ देणे हा त्याहून वेगळा निर्णय आहे, आणि उदगीर-बीदरच्या बाजारपेठेसाठी अधिक महत्त्वाचा तोच आहे.