अपघातानंतरची चासी
उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतून आणि बदलापूरच्या नव्या वस्त्यांतून ज्या असंख्य मोटारसायकली नित्य धावतात, त्यांतील एखादी समोरून धडकली की मालकाची दृष्टी प्रथम फुटलेल्या दिव्याकडे जाते. परंतु खरी इजा पुष्कळदा टाकीखाली दडलेल्या चासीला झालेली असते. हँडलचा दांडा जिच्यात फिरतो त्या नळीच्या मागील सांध्यावर रंगाला सुरकुती पडली असेल, अथवा त्याचे पापुद्रे उडाले असतील, तर तेथील पोलाद दबले असावे असा संशय धरावा. जॅकने किंचित बाक काढता येतो खरा. तथापि लाल होईपर्यंत तापवून सरळ केलेली नळी पूर्वीचे बळ राखील याची शाश्वती नसते, आणि तडकलेल्या सांध्यावर नुसते वेल्डिंग चढवून रस्त्यावर येणे हा माझ्या मते जिवाशी खेळ होय.

चासी बदलणे हा मात्र केवळ कारागिराचा विषय नव्हे. तिच्यावर कोरलेला क्रमांक हीच सरकारदरबारी वाहनाची ओळख असल्यामुळे, ती बदलली की नोंदणीच्या दप्तरातील तपशीलही बदलतो; म्हणून कल्याणच्या परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी, आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी गाडी खोलू नये. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल, तर सामान्यतः पूर्ण हानीचा दावा मान्य होतो. भंगारातील परक्या क्रमांकाची चासी स्वस्त मिळते म्हणून, कृपा करून, कदापि बसवू नका.