आजारपणातील साथ : स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया आणि जोडीदाराचे कर्तव्य

विवाहसंस्काराच्या वेळी वधूवर सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याचे वचन देतात. त्या मंगल दिवशी 'आजारपण' हा शब्द सहज उच्चारला जातो. पुढे संसाराच्या वाटेवर पती वा पत्नीला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान होते, तेव्हा त्या शब्दाचा खरा अर्थ उलगडू लागतो. उपचार डॉक्टर करतात. परंतु दिवसरात्र रुग्णाजवळ असतो तो जोडीदार. त्याने काय जाणून घ्यावे आणि काय करावे, याविषयी काही उपयुक्त माहिती आम्ही येथे देत आहोत.

आजार आणि शस्त्रक्रिया

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी आहे. अन्न पचविणारे रस आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन ती तयार करते. ती शरीरात खोलवर असल्याने तेथील गाठ लवकर ध्यानात येत नाही. कावीळ, पाठीकडे जाणारी पोटदुखी, भूक मंदावणे, वजन उतरणे किंवा उतारवयात अचानक मधुमेह जडणे ही त्याची लक्षणे होत. निदान होते तेव्हा पाचांपैकी जेमतेम एका रुग्णाची गाठ काढण्याजोगी असते. काहींना आधी केमोथेरपी देऊन नंतर शस्त्रक्रिया करतात.

गाठ ग्रंथीच्या डोक्याकडील भागात असेल तर 'व्हिपल' ही शस्त्रक्रिया केली जाते. अमेरिकन शल्यविशारद अॅलन व्हिपल यांनी १९३५ साली ती प्रसिद्ध केली, म्हणून हे नाव. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा काही भाग आणि कधी जठराचाही थोडा भाग काढून उरलेले अवयव पुन्हा आतड्याला जोडतात. यास पाच-सहा तास किंवा अधिक वेळ लागतो. गाठ शेपटीकडे असेल तर तो भाग, बहुधा प्लीहेसह, काढला जातो. प्लीहा काढल्यास रुग्णाला जंतुसंसर्गापासून जपण्यासाठी काही लसी घ्याव्या लागतात. त्यांविषयी डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

ज्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात, तेथे धोका कमी असतो, असे अनुभवांती सिद्ध झाले आहे. म्हणून 'आपल्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?' हे विचारण्यात संकोच बाळगू नये. घराजवळच्या सोयीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

सत्य लपवू नये

आपल्या कुटुंबांत 'त्यांना काही सांगू नका' असे डॉक्टरांना विनविण्याची रीत आहे. त्यामागे प्रेमच असते. परंतु कर्करोगाच्या विभागात खेटे घालणाऱ्या रुग्णाला आपला आजार बहुधा उमगलेला असतो. मग पती पत्नीसमोर हसतो, पत्नी पतीसमोर हसते आणि दोघेही एकांतात रडतात. शरीर रुग्णाचे आहे. शस्त्रक्रियेला संमती त्यानेच द्यावयाची आहे. त्याला झेपेल तेवढे, पण खरे सांगावे. डॉक्टरांच्या भेटीस दोघांनी मिळून जावे, प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरेही टिपून घ्यावीत.

इस्पितळातील दिवस

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आधी अतिदक्षता विभागात असतो. नाकातील नळी, पोटातून काढलेल्या नळ्या आणि यंत्रे पाहून जोडीदाराला धक्का बसतो. हे सर्व अपेक्षित असते, हे आधीच ठाऊक असावे. मुक्काम साधारणतः एक ते दोन आठवड्यांचा असतो. नव्या जोडणीतून पाचकरस झिरपणे आणि जठर रिकामे होण्यास विलंब लागणे या अडचणी अनेकांना येतात आणि मुक्काम लांबतो. अशा वेळी धीर सोडू नये. रुग्णाला हळूहळू चालविणे आणि श्वासाचे व्यायाम करवून घेणे, ही जोडीदाराने करण्याजोगी मोठी सेवा आहे.

घरी आल्यावर

खरी कसोटी येथे लागते. भरलेले ताट पुढे ठेवून आग्रह करू नये. दिवसातून सहा-सात वेळा थोडेथोडे द्यावे : मऊ भात, पेज, अंडे, मासळी, दही, रुग्णाला रुचेल ते. रुग्ण जेवला नाही तर तो आपल्या प्रेमाचा अव्हेर नव्हे.

अनेकांना पाचकरसांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्या जेवणापूर्वी तासभर किंवा जेवण उरकल्यावर नव्हे, तर पहिल्या घासांबरोबर घ्यावयाच्या असतात. तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाण्यावर तरंगणारा मल होत असेल आणि वजन घटत असेल, तर मात्रा अपुरी पडत असण्याचा संभव असतो, डॉक्टरांना कळवावे. रक्तातील साखरही तपासत राहावी. वजन, आहार, औषधे यांची नोंद एका वहीत ठेवल्यास फार उपयोग होतो.

ताप, सतत उलट्या, पुन्हा कावीळ, जखमेतून पू, पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. रक्ताची उलटी, काळा मल किंवा नळीतून रक्त आल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

थकवा काही महिने टिकतो. प्रकृती सावरताच बहुतेकांना केमोथेरपी दिली जाते. 'झाडपाल्याने बरे होते' असे सांगणारे हितचिंतक भेटतील. त्यांच्या भरीस पडून उपचार थांबवू नयेत.

सेवा करणाऱ्याचीही काळजी

रात्रीची जागरणे, खर्चाची चिंता आणि उद्याची भीती यांनी जोडीदार खचून जातो. रुग्णावर चिडचिड झाली म्हणून प्रेम आटले असे नव्हे; देह थकला आहे एवढाच त्याचा अर्थ. मदत मागणे हा कमीपणा नाही. खर्चाबाबत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करावी. शेजारी 'काही लागलं तर सांगा' म्हणतात. त्यांनी त्याऐवजी 'गुरुवारी रात्री मी रुग्णाजवळ थांबतो, तुम्ही झोपा' असे म्हणावे. एवढे आपल्या धर्मग्रामातील कोणालाही करता येईल.

रुग्णाभ्यंग हा केवळ मरणोन्मुखांचा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो घेणे उचित आहे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. धर्मगुरूंना बोलावणे म्हणजे आशा सोडणे नव्हे.

हा आजार अनेकदा परततो, हे सत्यही डोळ्यांआड करू नये. तसे झाल्यास वेदनाशमनाची सेवा लवकर मागावी. वांद्रे येथील शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ पासून अशी सेवा देत आहे. आजार बरा करणे जोडीदाराच्या हाती नसते. परंतु रुग्णाला एकटे न सोडणे त्याच्या हाती असते. वेदीसमोर त्याने वचन दिले होते ते याचेच.