आकड्यांच्या चळती

आमच्या बेळगावात सहकारी संस्थांना तोटा नाही. त्यांपैकी एका बँकेच्या संचालक मंडळावर, निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून, मी काही वर्षे होतो. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. हा अनुभव पुष्कळ ठिकाणी येण्यासारखा आहे.

जन्मभर कीर्द-खतावणी पाहिलेला मी माणूस. दरमहा मंडळापुढे येणारा अहवाल म्हणजे आकड्यांचे रकाने, हीच माझी समजूत होती. पुढे बँकेत नवी संगणक-प्रणाली आली आणि अहवालाचे रूपच पालटले. रंगीबेरंगी स्तंभ, तिरकी ठेवून जाडी दाखवलेली वर्तुळे आणि मोटारीतल्या वेगमापकासारखी काटा असलेली एक तबकडी! सभेत सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतताना शेजारचे वृद्ध मास्तर भेटले. त्यांची निवृत्तीची सारी पुंजी आमच्याच बँकेत होती. सहज विचारावे तसे ते म्हणाले, "बँकेचं ठीक आहे ना हो?" मी "हो, हो" म्हटले खरे, पण रात्री तो अहवाल पुन्हा उघडून बसलो, तेव्हा ध्यानात आले की बारा पानांच्या त्या चित्रमालेत मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर कोठेच नाही.

आकडे चित्रात मांडण्याची कल्पना तशी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडनमध्ये इंग्लंडच्या व्यापाराचा आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. आयातीची एक रेघ, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधली रंगवलेली जागा म्हणजे व्यापारातील नफा-तूट. स्कॉटलंडचे मात्र त्याला एकाच वर्षाचे आकडे मिळाले, म्हणून तेथे त्याने स्तंभ काढले. आज ज्याच्यावाचून एकही अहवाल निघत नाही तो स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला! वर्तुळाच्या फोडी करण्याची रीतही त्याचीच, १८०१ सालची. आपली पद्धत समजावताना त्याने दिलेला दाखला मला फार आवडतो. व्यापाऱ्याने रोज संध्याकाळी दिवसभराच्या गिन्न्यांची एकेक चळत रचली, तर चळतींच्या उंचीवरूनच धंद्याची चढउतार नजरेला कळेल, अशा आशयाचा तो आहे.

या चळतीच्या दाखल्यावर आमचा अहवाल घासून पाहा. समजा, कर्जवाटप ८४ कोटींवरून ९२ कोटींवर गेले. वाढ साडेनऊ टक्के. पण स्तंभांची पट्टी शून्याऐवजी ८० कोटींपासून सुरू केली, तर पहिला स्तंभ चार भागांचा आणि दुसरा बारा भागांचा दिसतो. धंदा तिप्पट झाला असे डोळा सांगतो. चळतीच्या तळची नाणी झाकून ठेवल्यासारखेच हे! तिरक्या वर्तुळाची गंमत निराळी. जी फोड पुढच्या बाजूला येते ती जाडीमुळे मोठी भासते, आणि मागे जाते ती आक्रसते. तबकडीवरचा काटा तर आज कोठे आहे एवढेच सांगतो. गेल्या वर्षी कोठे होता, हे सांगत नाही. आमच्या भागात साखर कारखान्यांची उसाची बिले निघाली की वसुली आपोआप सुधारते. तेव्हा या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करण्यात अर्थ नाही, मागल्या वर्षीच्या याच महिन्याशी करावी लागते.

परंतु हे सारे डोळ्यांचे दोष झाले. खरी मेख थकबाकीच्या पानावर होती, आणि तेथे पट्टी शून्यापासून होती, रेघ सरळ होती, बेरीजही चोख होती. थकबाकीचे शेकडा प्रमाण खाली उतरताना दिसत होते. पुन्हा समजा, १०० कोटींच्या कर्जात ५ कोटी थकले, म्हणजे शेकडा ५. पुढील वर्षी कर्जे १४० कोटी झाली आणि थकबाकी ६ कोटी. प्रमाण सव्वाचारच्या आसपास. रेघ उतरली, सभा संतुष्ट झाली. पण बुडण्याच्या वाटेवरची रक्कम एक कोटीने वाढली ती वाढलीच. शिवाय मुदत कर्ज साधारणतः नव्वद दिवसांहून अधिक थकले म्हणजे ते अनुत्पादित ठरते. काल दिलेले कर्ज आज थकूच शकत नाही. म्हणजे घाईघाईने नवी कर्जे वाटत गेले की भागाकारातला छेद फुगतो आणि प्रमाण काही काळ देखणे दिसते. वाटप थांबले की मग खरे रूप उघडे पडते.

चित्रात काय घ्यायचे आणि काय गाळायचे, याची किंमत किती असू शकते, याचे एक भयंकर उदाहरण अमेरिकेत घडले. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री 'चॅलेंजर' अंतराळयानाच्या अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते दूरध्वनीवरून सांगत होते की, थंडीत सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाहीत, उड्डाण लांबणीवर टाका. चर्चेत पुढे आली ती केवळ कडी बिघडलेली उड्डाणे. त्यांतील एक ५३ अंश फॅरनहाइटला, एक ७५ अंशांना. तेव्हा बिघाडाचा थंडीशी संबंध सिद्ध होत नाही, असे भासले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. पुढे चौकशी आयोगाने दोन आलेख मांडले. एकात बिघाडाची उड्डाणे, दुसऱ्यात बिनबिघाडाचीही. दुसऱ्यात उघड दिसत होते की ६६ अंश वा त्याहून उबदार हवेतील वीस उड्डाणांपैकी तिनांतच कडी बिघडली, तर ६३ अंश वा त्याखालील चारही उड्डाणांत बिघडली. त्या सकाळी पारा गोठणबिंदूच्या आसपास होता. आकडे खोटे कोणीच सांगितले नव्हते.

सहकारी बँकेचा अहवाल आणि अंतराळयान यांची तुलना कोणाला अतिशयोक्त वाटेल. मास्तरांना वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या संगणक विभागातील मुलीकडे गेलो. मुलगी हुशार होती. म्हणाली, "काका, प्रणालीत जे नमुने तयार मिळतात तेच मी लावते. तुम्हाला नेमकं काय बघायचंय ते सांगा, तसं काढून देते." मला उत्तर सुचेना! इतकी वर्षे अहवाल मागणाऱ्या आम्हा मंडळींनी काय पाहायचे ते कधी ठरवलेच नव्हते. मग कागद-पेन्सिल घेऊन दोघे बसलो. शाखाधिकाऱ्याला चित्र नकोच. कोणाकडे वसुलीला जायचे त्या नावांची यादी हवी, मोठी रक्कम वर. वार्षिक सभेतील सभासदांना ठेवी, कर्जे आणि थकबाकीची रक्कम एकाच पट्टीवर, पाच वर्षांची. संचालकांना मात्र एकच गोष्ट कळायला हवी होती : आपण अलीकडे दिलेली कर्जे पूर्वीपेक्षा चांगली की वाईट?

त्यासाठी कर्जे दिल्याच्या वर्षाप्रमाणे वेगळी काढली. आडव्या रेषेवर कर्ज दिल्यापासूनचे महिने, उभ्या रेषेवर दिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले थकलेले रुपये. दर वर्षाची एक रेघ. अशाने जुन्या कर्जाचा बारावा महिना नव्या कर्जाच्या बाराव्या महिन्याशीच ताडला जातो, आणि छेद फुगवण्याची सोय राहत नाही. जुन्या वर्षांच्या रेघा तिने राखाडी केल्या, शेवटची तांबडी. रंगांची सूची कोपऱ्यात न देता प्रत्येक रेघेच्या टोकाशीच वर्ष लिहिले, म्हणजे नजरेला हेलपाटे नकोत. बारा पानांची दोन पाने झाली. छपाई झाल्यावर आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. तांबडी रेघ सहाव्या महिन्यापासूनच बाकी सर्वांच्या वर चालली होती.

सभेत अध्यक्षांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "ही वरची रेघ कोणत्या वर्षाची?"

"गेल्या वर्षाची, साहेब," ती म्हणाली.

"यातली यंत्रमागांची किती?"

तिने दुसरे पान पुढे केले. तेथे ती वेगळी काढलेली होती. कोणी माना डोलावल्या नाहीत. चहा निवून गेला. विषयपत्रिकेवर त्या दिवशी नव्या कर्जांचे चार अर्ज होते; ते पुढील सभेवर गेले.